उसने विरजण

वाचकहो, तुमच्या घरातले विरजण किती वर्षांचे असेल, याचा कधी विचार केला आहे का? गाईचे वेत आपल्याला तोंडपाठ असते, बैलाचे दात बघून वय सांगता येते, पण फडताळातल्या त्या लहानशा गाडग्यात रोज जे चमचाभर दही शिल्लक ठेवले जाते, ते कितव्या पिढीचे, हे कोणी विचारत नाही. आमच्या घरचे विरजण निदान चाळीस वर्षांचे आहे, असे आमच्या मंडळींचे म्हणणे. मधे दोनदा ते बिघडले, तेव्हा शेजारून वाटीभर उसने आणले. आणि गंमत अशी की त्या शेजारणीने आदल्या वर्षी ते आमच्याकडूनच नेले होते.

विरजण ही वस्तूच अशी. पीठ उसने दिले तर आपल्या डब्यातले तेवढे कमी होते, विरजण दिले तर काहीच कमी होत नाही. देणाऱ्याकडेही राहते, घेणाऱ्याकडेही वाढते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे मला जे सांगायचे आहे, ते सगळे हिच्यावर उभे आहे.

मी वाळवे तालुक्यातला. बी.एस्सी. होऊन घरच्या शेतीवर परतलो आणि पुढे गावच्या दूध संस्थेत एकवीस वर्षे सचिवाचे काम केले. पहाटे साडेपाचला किटल्यांची रांग, फॅट, डिग्री, पावतीपुस्तक, संध्याकाळी पुन्हा तेच. इतकी वर्षे दुधात काढल्यावर माणसाला दुधाविषयी पुष्कळ कळते असे वाटते. पण दुधातल्या ज्या जीवांवर आपला संसार चालतो, त्यांच्याविषयी गावात फार थोडे बोलले जाते.

दही लागते म्हणजे काय होते? विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. आम्ल पुरेसे झाले की दुधातली प्रथिने घट्ट होतात. एक ग्रॅम दह्यात असे कोट्यवधी जंतू असतात. यांतला मुख्य जंतू १८७८ साली इंग्लंडमध्ये जोसेफ लिस्टर यांनी आंबलेल्या दुधातून निर्भेळ वेगळा काढला. जखमेवर कार्बोलिक लावून शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे शल्यविशारद ते हेच. आज त्या जंतूला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतात. त्याच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस आणि आणखी काही भाऊबंद असतात. त्यांना एकत्रितपणे आपण दुग्धाम्ल जंतू म्हणू.

आता या जंतूच्या पोटात डोकावू. प्रत्येक जंतूत एक मोठी वही असते असे समजा. त्याने कसे वाढायचे, काय खायचे, कसे दुभंगायचे, हे सारे तीत लिहिलेले. ही वही वंशपरंपरेने आईकडून लेकीकडे जाते. पण वहीखेरीज काही सुट्या चिठ्ठ्याही त्याच्याजवळ असतात, लहान, बांगडीसारख्या गोल. अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली अशा चिठ्ठ्यांना प्लास्मिड असे नाव दिले. सुगरणीकडे जशी घरची पाककृतींची वही असते आणि त्या वहीत शेजारणीकडून, मावशीकडून आणलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या खुपसलेल्या असतात, तसाच हा प्रकार. चिठ्ठी हरवली म्हणून संसार मोडत नाही, पण तो एक पदार्थ करता येईनासा होतो.

दह्याच्या जंतूत हे अगदी स्पष्ट दिसून आले. १९७२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लॅरी मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या जंतूंच्या काही पिढ्या अचानक दुधाची साखर पचवायचे विसरतात. पुढच्या काही वर्षांत उलगडा झाला. साखर पचवण्याची युक्ती वहीत नव्हतीच, ती एका चिठ्ठीवर होती, आणि ती चिठ्ठी गळून पडली होती. दुधातली प्रथिने तोडण्याची युक्तीही अशीच चिठ्ठीवर निघाली. म्हणजे ज्या गुणामुळे आपण या जंतूला घरात मानाने ठेवतो, तो गुणच मुळी उसना!

तुम्ही म्हणाल, उसना कुणाकडून? विरजण संपले की हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकून दही लावायची रीत तुमच्या घरी असेल. देठावरही आंबवणारे जंतू असतात. हे जंतू मुळात झाडपाल्यावरचे रहिवासी, दुधात ते मागाहून वस्तीला आले, आणि दुधात तग धरण्याचे बरेचसे कसब त्यांनी अशा चिठ्ठ्यांमधून मिळवले, असे शास्त्रज्ञ मानतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, दोघांच्या मध्ये वाट तयार होते आणि त्या वाटेने चिठ्ठीची नक्कल पलीकडे जाते. देणाऱ्याकडेही राहते, घेणाऱ्याकडेही जाते. विरजणासारखेच.

इथवर सगळे गोड आहे. आता कडू भागाकडे वळतो.

जशी साखर पचवण्याची चिठ्ठी, तशीच औषधाला दाद न देण्याचीही चिठ्ठी असते. एका चिठ्ठीवर औषधाचा रेणू निकामी करण्याची कृती लिहिलेली, दुसरीवर औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकण्याची, तिसरीवर औषधाचा घाव जिथे बसायचा ती जागाच झाकून घेण्याची. आणि एकाच चिठ्ठीवर अशा तीन-चार कृती एकाखाली एक असू शकतात. हे जगाला पहिल्यांदा नीट कळले ते जपानमध्ये. महायुद्धानंतर तिथे रक्ती आव फार होती. १९५५ च्या सुमारास असे रोगी सापडू लागले की ज्यांच्या जंतूंवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधे एकदम चालत नव्हती. एकेका औषधाला जंतू सरावला म्हणावे, तर चारींना एकदम कसा? १९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांनी दाखवून दिले की आतड्यातले नेहमीचे, निरुपद्रवी जंतू आवेच्या जंतूला ही सगळी ताकद एका झटक्यात देऊ शकतात. निरुपद्रवी जंतू, हा शब्द लक्षात घ्या. रोग त्याने केला नव्हता. त्याने फक्त चिठ्ठी दिली होती.

मग दह्याचा, चीजचा जंतू हा तर निरुपद्रवीच. तो अशी चिठ्ठी बाळगील का? बाळगतो. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संशोधकांनी १९९७ साली एक प्रकरण प्रसिद्ध केले. कच्च्या दुधापासून केलेल्या मऊ चीजमध्ये त्यांना आपला हाच लॅक्टोकॉकस लॅक्टिस मिळाला, आणि त्याच्या पोटात सुमारे तीस हजार अक्षरांची एक चिठ्ठी. तिच्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्ही औषधांना तोंड देण्याच्या कृती होत्या. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचून पाहिले, तेव्हा एक तुकडा लिस्टेरिया या रोगजंतूतल्या तुकड्याशी आणि दुसरे तुकडे स्टॅफिलोकॉकसमधल्या तुकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. गोधडीला जशी निरनिराळ्या लुगड्यांची ठिगळे असतात, तशी ती चिठ्ठी. आणि हा स्टॅफिलोकॉकस कोण, ते तुम्हाला सांगायलाच हवे. गाईच्या कासेला दगडी होते, सड तापतो, दुधात गुठळ्या येतात, तो आजार करणाऱ्या जंतूंपैकी हा एक प्रमुख. कासेतून दुधात, दुधातून चीजमध्ये. वाट फार लांबची नाही.

हे वाचून कोणी ताटातली दह्याची वाटी बाजूला सारू नये. दही वाईट असे मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः दोन्ही वेळा ताक पितो. शिवाय दुग्धाम्ल जंतू एखाद्या औषधाला दाद देत नाही, एवढ्यावरून त्याला दोषी ठरवणेही चूक. पुष्कळशा लॅक्टोबॅसिलसवर व्हँकोमायसिन हे औषध चालत नाही, पण तो गुण त्यांच्या मोठ्या वहीतला, जन्मजात आहे. म्हशीला शिंगे असतात तसा. म्हैस आपली शिंगे काढून शेजारच्या गाईला देत नाही. भीती आहे ती जन्मजात गुणाची नाही, हातोहात फिरणाऱ्या चिठ्ठीची आहे. युरोपात म्हणूनच विरजणाचे जंतू बाजारात आणण्याआधी त्यांच्याजवळ अशी दुसऱ्याला देता येणारी चिठ्ठी आहे का, हे तपासतात.

आपल्या घरच्या विरजणाची अशी तपासणी कोण करणार? म्हणून आपल्या हातात एकच गोष्ट राहते. ती चिठ्ठी जवळ बाळगणे जंतूच्या फायद्याचे ठरेल, अशी परिस्थिती आपण निर्माण करायची नाही. चिठ्ठी सांभाळायलाही जंतूला खर्च पडतो. औषध आसपास नसेल तर पुष्कळदा चिठ्ठी नसलेले जंतू झपाट्याने वाढतात आणि चिठ्ठीवाले मागे पडतात. औषध असले की उलटे होते. बाकीचे मरतात, चिठ्ठीवाल्यांना सगळे रान मोकळे. आणि एका चिठ्ठीवर तीन कृती असतील तर एका औषधाच्या वापराने तिन्ही टिकून राहतात.

आता गोठ्यात येऊ. गाईला दगडी झाली की डॉक्टर सडात ट्यूब सोडतात, सुई देतात. ते योग्यच आहे. पण ते औषध पुढे कित्येक धारांपर्यंत दुधातून बाहेर पडत राहते. किती थोडे औषध पुरते, याचा अंदाज घ्या. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात पेनिसिलिनची मर्यादा लिटरला चार मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम पेनिसिलिन अडीच लाख लिटर दुधात मिसळले तर ती मर्यादा गाठते. उकळल्याने पेनिसिलिन जाते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, त्यातले फार थोडे नष्ट होते. डेअरीत हे तपासायची एक चाचणी मोठी सुरेख आहे. चौसष्ट अंश उष्णतेत वाढणारा एक जंतू जांभळ्या खळीत ठेवलेला असतो, त्यावर दुधाचे थेंब सोडून अडीच-तीन तास गरम ठेवतात. दूध स्वच्छ असेल तर जंतू वाढतो, आम्ल करतो आणि खळ पिवळी होते. औषध असेल तर जांभळी ती जांभळीच. म्हणजे डेअरीसुद्धा शेवटी जंतूलाच विचारते.

घरोघरच्या सुगरणी हीच चाचणी नकळत करत असतात. आमच्या गावात एका थंडीत एकाच आळीतल्या तीन घरी सलग तीन दिवस दही लागले नाही. थंडीला दोष दिला गेला, गाडग्याला दिला गेला, आणि एका घरी तर नव्या सुनेच्या हातालाच गुण नाही असे ठरले. तिन्ही घरी रतीब एकाच गोठ्यातून जात होता आणि त्या गोठ्यातल्या गाईच्या सडात ट्यूब सोडलेली होती. त्या मुलीने ते तीन दिवस डोळ्यांत पाणी घेऊन काढले.

परंतु माझे म्हणणे असे की दही लागले नाही, तर ते एका अर्थी बरे, निदान कळते तरी. दही लागले म्हणजे दूध निर्मळ असे मात्र समजू नये. औषधाचा अंश अगदी थोडा असेल तर दही लागते, फक्त जरा उशिरा लागते. आणि थोड्या औषधात चिठ्ठीवाले जंतू हळूहळू वरचढ होऊ शकतात. त्या दह्यातून आपण चमचाभर काढून ठेवतो, उद्या पुन्हा, परवा पुन्हा, आणि शेजारीण मागायला आली तर तिलाही देतो. म्हणून औषध चालू असलेल्या गाईचे दूध चुकून विरजले गेले असेल, तर त्या दिवशीचे विरजण पुढे ठेवू नका. स्वच्छ घरातून नवे आणा.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जानेवारी २०१२ मध्ये केंद्र सरकारने औषध नियमांत दुरुस्ती केली. दुभत्या जनावराच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे छापलेच पाहिजे. तशी सिद्ध झालेली मुदत नसेल तर दूध किमान सात दिवस वापरायचे नाही. खोक्यावरचा हा मजकूर बारीक अक्षरात असतो. डॉक्टर निघण्याआधी त्यांच्याकडून वाचून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा.

कायदा लिहिणे सोपे आहे. मी सचिव असताना एके पहाटे एक विधवा बाई किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. एकच गाय, दोन लहान मुले. आदल्या दिवशी त्यांच्या गाईला सुई दिली, ते मला डॉक्टरांकडून कळले होते. मी दूध घेणार नाही म्हटले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "तात्या, सात दिस मी काय खाऊ?"

रांगेतले सगळे गप्प झाले. कारण त्या रांगेत असे काही जण होतेच की ज्यांनी सुई देऊन दुसऱ्या दिवशी दूध घातले होते आणि सांगितले नव्हते. या बाईंना लपवता आले नाही, एवढाच काय तो फरक. मी ते दूध घेतले नाही. घेतले असते तर त्यांच्या आठ लिटरांनी सगळ्या गावाचा कॅन बिघडला असता. पण संध्याकाळी संचालकांना बोलावले आणि विषय मांडला. दोन तास वाद झाला. एकजण म्हणाला, असे पैसे देऊ लागलो तर उद्या प्रत्येकाची गाय आजारी पडेल. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अखेर ठरले ते असे: डॉक्टरांची चिठ्ठी आणून जो आपणहून दूध थांबवील, त्याला त्या दिवसांचे निम्मे पैसे संस्थेच्या नफ्यातून द्यायचे, वर्षातून एका जनावरामागे एकदा. पहिल्या वर्षी अकरा जणांनी नाव नोंदवले. त्यांच्यातले काही तर चांगले दहा-दहा गाईंचे मालक होते. मला तोवर वाटत असे की लोक लोभाने लपवतात. पुष्कळ जण नुसते धास्तीने लपवत होते.

तुमच्या गावच्या संस्थेत हा विषय अजून निघाला नसेल तर येत्या सभेत काढा. कोणी विचारले, की एवढे कशाला, तर दवाखान्यातला तो तपासणीचा कागद आठवा. माझ्या थोरल्या वहिनींना लघवीचा त्रास झाला, ताप उतरेना, तेव्हा तालुक्याला तपासणी केली. कागदावर सोळा औषधांची यादी होती आणि तेरा औषधांसमोर 'चालत नाही' अशी खूण. उरलेल्या तिनांतले एक रोज शिरेतून द्यावे लागले. त्या जंतूने कोणत्या वाटेने एवढ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, हे कोणताही डॉक्टर शोधून सांगू शकत नाही आणि मीही दुधावर आळ घेत नाही. पण वहिनींनी कधी गाव सोडले नव्हते. जे काही होते, ते आमच्याच पाण्यात, शेणात, अन्नात, दवाखान्यात फिरत होते.

अशा आणीबाणीसाठी राखून ठेवलेले एक शेवटचे औषध म्हणजे कोलिस्टिन. त्याला दाद न देण्याची फिरती चिठ्ठी २०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांतही सापडली. आपल्या सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनला बंदी केली. ज्यांच्याकडे पोल्ट्री आहे त्यांनी जुनी पाकिटे उरली असतील तर ती वापरू नयेत.

राहता राहिला प्रश्न, थांबवलेल्या दुधाचे करायचे काय? पुष्कळ जण ते वासराला पाजतात. माणसाने प्यायचे नाही ना, मग वासराला पाजू, वाया कशाला घालवा! हे करू नका. वासराचे आतडे म्हणजे चिठ्ठ्यांचा बाजारच. तिथे रोज थोडे थोडे औषध गेले की चिठ्ठीवाले जंतू माजतात, शेणातून उकिरड्यावर येतात आणि उकिरड्यावरून शेतात. ते दूध विहिरीपासून, ओढ्यापासून दूर खड्ड्यात ओतून माती लोटा. जिवावर येते, मान्य आहे. तसेच सुया तीन सांगितल्या असतील तर तीनच द्या. गाय दुसऱ्या दिवशी रवंथ करू लागली म्हणून तिसरी वाचवू नका, आणि उरलेली ट्यूब शेजाऱ्याला देऊ नका. विरजण द्यावे, ट्यूब देऊ नये.

खरे तर दगडीच होऊ न देणे सर्वांत स्वस्त. धारेआधी पहिल्या दोन-तीन चिळा काळ्या कपड्यावर काढून पाहा, गुठळी असेल तर लगेच दिसते. ज्या गाईला आजार आहे तिची धार सर्वांत शेवटी काढा आणि नंतर हात साबणाने धुवा. धार झाल्यावर सडाचे तोंड काही काळ उघडे राहते, तेवढ्यात गाय खाली बसली की शेणातले जंतू आत शिरतात. म्हणून धार झाली की पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सुजेच्या अगदी सुरुवातीला राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप सुचवते. आमच्या गावात तो काही जणांना चांगला लागू पडला, परंतु दूध पाण्यासारखे झाले किंवा गाईला ताप आला तर लेपावर वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. आणि प्रत्येक धारेनंतर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. त्या द्रावणाची बाटली गोठ्यातच खुंटीला टांगून ठेवावी. घरात कपाटात ठेवली की धारेच्या वेळी कोणी उठून आणत नाही.